एका गोष्टीचे अनेक डाव: ‘डेट्रॉइट’ पुन्हा कसा खेळावा

‘डेट्रॉइट: बिकम ह्यूमन’ एकदा खेळून संपवला, तरी त्यातला बराच भाग तुम्हाला दिसलेलाच नसतो. काही अध्याय तर असे आहेत, की तुमच्या एखाद्या निर्णयामुळे ते तुमच्या वाट्यालाच येत नाहीत. त्यामुळे गेम पुन्हा खेळावासा वाटणं साहजिक आहे. घोळ होतो तो त्यानंतर. दुसऱ्यांदा बसलं की बहुतेक जण फ्लोचार्ट, म्हणजे अध्यायातल्या सगळ्या वाटा चौकोनांत दाखवणारा नकाशा, उघडतात, जिथे कुलूप दिसेल तिथे उडी मारतात, एकेक चौकोन उघडत सुटतात आणि दोन-तीन संध्याकाळींत कंटाळून गेम काढून टाकतात. चौकोन उघडलेले असतात, पण गोष्ट एकही पुरी झालेली नसते.

माझं मत असं, की पुन्हा खेळताना चौकोन मोजू नयेत. एका डावात प्रत्येक पात्राचा एक स्वभाव ठरवावा आणि तो शेवटपर्यंत निभवावा. तसं केलं की तीन डावांत हा गेम जेवढा देतो, तेवढं विखुरलेल्या तीस तुकड्यांत देत नाही. ते कसं जमवायचं, ते पुढे क्रमाने सांगतो. पहिल्या आठ-नऊ अध्यायांतल्या घटना मी उघड लिहिल्या आहेत आणि नंतरच्या दोन-चार वळणांचा उल्लेखही येतो. मुख्य रहस्यं आणि शेवट मात्र सांगत नाही.

ज्यांनी गेम पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅरिसच्या क्वांटिक ड्रीम स्टुडिओचा हा गेम मे २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला, डिसेंबर २०१९ मध्ये एपिक या ऑनलाइन दुकानावरून पीसीवर आणि जून २०२० मध्ये स्टीम या दुसऱ्या दुकानावर. लेखन-दिग्दर्शन डेव्हिड केज यांचं. काळ २०३८, गाव अमेरिकेतलं डेट्रॉइट. मोटारींमुळे मोठं झालेलं हे शहर गेममध्ये सायबरलाइफ नावाच्या कंपनीच्या अँड्रॉइडांवर चालतं. तुम्ही तीन अँड्रॉइड आळीपाळीने खेळता. कॉनर पोलिसांना मदत करतो, बिघडलेले म्हणजे हुकूम न मानणारे अँड्रॉइड शोधतो. कारा एका घरात धुणंभांडी आणि मुलीची देखभाल करते. मार्कस एका म्हाताऱ्या चित्रकाराची सेवा करतो. अध्याय ३२, आणि एक डाव साधारण दहा-बारा तासांचा.

सुरू करण्याआधी

पीसीवर खेळणार असाल तर पन्नास-पंचावन्न जीबी जागा मोकळी ठेवा. पहिल्यांदा चालू केल्यावर गेम शेडर, म्हणजे चित्र रंगवण्यासाठी लागणारे छोटे प्रोग्राम, तयार करत बसतो. त्याला वेळ लागतो, घाबरून बंद करू नका. कीबोर्ड-माउसवर खेळता येतं, पण हाताशी कंट्रोलर असेल तर तोच घ्या, कारण मारामारीच्या प्रसंगात दाखवलेलं बटण झटकन दाबावं लागतं आणि हालचाली कंट्रोलरसाठीच बेतलेल्या आहेत.

इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा. तुमचं इंग्रजी कितीही पक्कं असो, कॉनरचा पोलिसांतला जोडीदार हँक पुटपुटत, शिव्या घालत बोलतो आणि उत्तर निवडायला बऱ्याचदा मोजके सेकंद मिळतात. वाचायला मिळालं तर घाईत भलतंच उत्तर जात नाही.

अवघडपणाचे दोन स्तर आहेत, कॅज्युअल आणि एक्सपिरियन्स्ड. कॅज्युअलमध्ये बटणं सोपी होतात. गोष्टीसाठी खेळणाऱ्याने तोच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. बोट घसरलं म्हणून पात्र मेलं, तर तो तुमचा निर्णय ठरत नाही, आणि इथे आपल्याला निर्णयांचेच परिणाम बघायचे आहेत.

एक इशाराही देऊन ठेवतो. काराच्या कथेत बापाकडून लहान मुलीचा छळ दाखवला आहे. २०१७ च्या पॅरिस गेम्स वीकमध्ये तो प्रसंग दाखवला तेव्हा त्यावरून बरीच टीका झाली होती. हा विषय जड जात असेल तर आधीच विचार करा. त्या अध्यायातून जावंच लागतं, आणि दुसऱ्या डावात पुन्हा जावं लागतं.

पहिला डाव: मागे फिरायचं नाही

प्रत्येक अध्याय संपला की गेम फ्लोचार्ट दाखवतो. तुम्ही गेलात ती वाट उजळलेली, न घेतलेल्या वाटा कुलूपबंद. सोबत जगभरच्या किती टक्के खेळाडूंनी काय केलं, त्याचे आकडे. हे पाहिलं की हात शिवशिवतात. ‘आत्ताच मागे जाऊन दुसरं करून बघू’ असं वाटतं, आणि गेम ती सोय देतोही, अध्यायाच्या मधल्या चेकपॉइंटपासून, म्हणजे जिथून पुन्हा सुरू करता येतं अशा ठरलेल्या जागेपासून.

पहिल्या डावात ती सोय वापरू नका. पात्र मेलं तर मेलं. नेम चुकला, मुलगी हातची गेली, हँक चिडून निघून गेला, तरी पुढे चला. लहानपणी ज्याला आपण रडीचा डाव म्हणायचो, तोच हा प्रकार आहे, आणि इथे त्याचं नुकसान दुहेरी होतं. एक तर धाकधूक जाते. दुसरं म्हणजे हा गेम अपयशासाठीही खास लिहिलेला आहे. कॉनर मेला तर सायबरलाइफ दुसरा कॉनर पाठवते, त्याच्या कोटावरचा अनुक्रमांक बदललेला असतो, आणि कालच मेलेला जोडीदार आज दारात उभा पाहून हँक जे बोलतो, ते ऐकायला कॉनर मरावाच लागतो. मागे फिरणाऱ्याला हे ऐकू येत नाही.

टक्क्यांकडेही पहिल्या डावात दुर्लक्ष करा. ८० टक्के लोकांनी एक केलं आणि तुम्ही दुसरं, हे कळलं की पुढच्या अध्यायात आपण नकळत लोकांच्या पसंतीने खेळायला लागतो.

या डावात करायची नोंद एवढीच: जिथे हात अडला ती जागा. कुठे दोन पर्यायांत खरंच कोंडी झाली, कुठे वेळ संपल्यामुळे भलतंच उत्तर गेलं, कुठे एखादा पर्याय कुलूप लावलेला दिसला. फोनवर अध्यायाचं नाव आणि एक ओळ लिहून ठेवली तरी पुरे. दुसरा डाव आखताना हीच यादी कामाला येते. इंटरनेटवरच्या तयार याद्या दुसऱ्याच्या कुतूहलातून झालेल्या असतात.

शेवटी श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. काही शेवटांनंतर एक छोटा प्रसंग येतो.

आता फ्लोचार्ट नीट वाचा

पहिला डाव संपला की निवांत बसून सगळे फ्लोचार्ट एकदा चाळा, खेळायला नव्हे, नुसते बघायला. काही चार्ट सरळ असतात: चार चौकोन फुटतात आणि पुन्हा एका ठिकाणी मिळतात. काहींच्या उजव्या टोकाला पाच-सहा वेगळे शेवट असतात. कुठला अध्याय पुन्हा खेळण्यासारखा आहे, ते उजव्या टोकाच्या गर्दीवरून बरंचसं कळतं.

पहिलाच अध्याय घ्या, ‘द हॉस्टेज’. एका उंच इमारतीच्या गच्चीवर डॅनियल नावाच्या अँड्रॉइडने एमा या मुलीला ओलीस धरलंय. कॉनरला तिच्यापर्यंत पोचायचंय. पडद्यावर यश मिळण्याची शक्यता टक्क्यांत दिसते आणि घरात सापडणाऱ्या प्रत्येक धाग्यागणिक ती वाढते. मुलीच्या खोलीतल्या टॅबलेटवरच्या व्हिडिओतून अँड्रॉइडचं नाव कळतं. तिचा हेडफोन पाहून कळतं की गोळीचा आवाज तिला ऐकू गेला नसणार. बापाच्या टॅबलेटवर नव्या अँड्रॉइडची ऑर्डर दिसते, म्हणजे जुन्याला काढून टाकायचं ठरलं होतं, आणि डॅनियल का पिसाळला त्याचा उलगडा होतो. मेलेल्या पोलिसाचं पिस्तूलही सापडतं. फुटलेल्या टाकीबाहेर तडफडणारा मासा आत सोडता येतो. त्याचा ओलीस प्रकरणाशी काही संबंध नाही, तरी तो चौकोन चार्टवर आहे.

दुसरा डाव सुरू करण्याआधी हा अध्याय सरावाला घ्या. अध्याय किंवा चेकपॉइंट पुन्हा सुरू करताना गेम विचारतो, सेव्ह करत खेळायचं की सेव्ह न करता. ‘सेव्ह न करता’ निवडा. एकदा घरातलं सगळं धुंडाळून गच्चीवर जा. एकदा काहीही न बघता थेट जा. एकदा पिस्तूल घेऊन जा, आणि डॅनियल ‘शस्त्र आहे का?’ असं विचारेल तेव्हा खोटं बोलून पाहा. अध्याय छोटा आहे, तासाभरात गेमची अख्खी यंत्रणा हाताखालून जाते: धागा सापडला तर संवादात नवं उत्तर खुलतं, उत्तराने समोरच्याचा विश्वास वर-खाली होतो, आणि त्या विश्वासावर शेवट ठरतो. पुढचे अध्याय याच हाडांवर उभे आहेत. पीसी आणि प्लेस्टेशनवर गेमचा मोफत डेमो आला होता, त्यातही हाच प्रसंग होता. गेम विकत घ्यावा की नाही, याची परीक्षा त्यावरच व्हायची.

सेव्हचा प्रश्न मात्र गमतीवर घेऊ नका. ‘सेव्ह करत’ निवडून जुना अध्याय बदललात, तर गोष्ट तिथून बदलली. तो बदल शेवटापर्यंत न्यायचा तर मधले सगळे अध्याय ओळीने पुन्हा खेळावे लागतात. सातवा अध्याय बदलून एकदम तिसाव्यावर उडी मारली आणि ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणून वैतागलेले लोक मी बरेच पाहिलेत. नुसतं कुतूहल असेल तर सेव्ह न करता. नवा डाव मांडायचा असेल तर सेव्ह करत, आणि मग शेवटापर्यंत जायची तयारी.

कुठला फाटा खरा?

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण दुसऱ्या डावातला निम्मा वेळ यावर वाचतो.

आठवा अध्याय, ‘ब्रोकन’. चित्रकार कार्लचा मुलगा लिओ नशेसाठी पैसे हवेत म्हणून बापाची चित्रं उचलायला घरात शिरतो. मार्कसला ढकलतो, डिवचतो. कार्ल मार्कसला सांगतो, प्रतिकार करू नकोस. तुमच्यापुढे दोन वाटा: मार सोसा किंवा लिओला ढकला. सोसलंत तर कार्लचं हृदय ते दृश्य झेलत नाही, तो जातो. ढकललंत तर लिओ डोक्यावर आपटतो. मग पोलीस येतात आणि दोन्ही वाटांनी मार्कसला गोळी घालतात. पुढचा मार्कसचा अध्याय दोन्हीकडे तोच, भंगारात पडलेल्या अँड्रॉइडांच्या ढिगात.

इथे पहिल्यांदा मागे फिरून पाहणारा म्हणतो, ‘फसवलं! काहीही केलं तरी एकच.’ तेवीस अध्यायांनंतर, ‘नाइट ऑफ द सोल’मध्ये, मार्कस कार्लला भेटायला जातो. तुमच्या त्या एका धक्क्यावर ठरतं, की तो अंथरुणाशी बसून बोलणार की थडग्यासमोर. म्हणजे फाटा खरा होता, फक्त त्याची हुंडी उशिरा वटली. चेकपॉइंटवरून पाच मिनिटं खेळून तो कधीच कळला नसता.

‘स्टॉर्मी नाइट’ ही दुसरी तऱ्हा. काराच्या घराचा मालक टॉड नशेत आपल्या मुलीवर, ॲलिसवर, भडकतो. ती वर पळते. काराला तो ‘हलू नकोस’ म्हणून बजावतो आणि पट्टा घेऊन जिन्याकडे निघतो. पडद्यावर कारासमोर हुकुमाची लाल भिंत उभी राहते. ती तोडायची तर बटणं दाबत राहावं लागतं. नवा खेळाडू दाबतोच. पण नाही दाबलं तर? गेम थांबत नाही, आठवण करत नाही. तुम्ही आज्ञा पाळलीत असं समजून पुढे सरकतो, आणि काराची कथा त्याच रात्री संपते. पुढचे तिचे सगळे अध्याय गायब. काहीच न करणं हासुद्धा इथे एक पर्याय आहे, आणि त्याची किंमत सगळ्यांत मोठी आहे. हा शेवट बघायचाच असेल तर सेव्ह न करता बघा, नाहीतर तिचे अध्याय परत मिळवायला इथूनच पुन्हा सुरुवात करावी लागेल.

याच रात्रीचा दुसरा धागा लांब जातो. टॉड मेला की जगला? जगला असेल तर काराच्या प्रवासाच्या शेवटाकडे, बसस्थानकावर, तो पुन्हा समोर येतो. पहिल्या डावात पिस्तूल चाललं असेल तर दुसऱ्यात टॉडला टाळून थेट ॲलिसच्या खोलीत जा, दार लावा, खिडकीतून निघा. आणि पिस्तुलाचा पर्याय कुलूपबंद दिसला असेल, तर त्याची किल्ली तीन अध्याय मागे आहे: ‘अ न्यू होम’मध्ये घर आवरताना टॉडच्या खोलीतला ड्रॉवर उघडून बघावा लागतो. भांडी, कपडे, कचरा करून कंटाळलेले लोक तिथे वर जाऊन नीट बघत नाहीत.

तिसरी तऱ्हा हळूहळू साठत जाणाऱ्या गोष्टींची, आणि ती ओळखणं सगळ्यांत अवघड, कारण कुठल्याही एका अध्यायात तिचा फाटा दिसत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात अधूनमधून बाण वर किंवा खाली जातो: हँकशी नातं, कॉनरची ‘सॉफ्टवेअर इन्स्टॅबिलिटी’ (तो आज्ञाधारक यंत्रापासून किती ढळतोय ते), लोकमत. सहाव्या अध्यायात कॉनर हँकला शोधत बारमध्ये जातो. त्याला जाण्याआधी एक पेग पाजायचा की हातातला ग्लास उलटा करायचा, तिथून हिशेब सुरू होतो. ‘द नेस्ट’मध्ये गच्चीवरून पळणाऱ्या अँड्रॉइडचा पाठलाग करताना हँक कठड्याला लटकतो. कॉनरला गणित दिसतं: हँक वाचण्याची शक्यता ८९ टक्के. यंत्राच्या हिशेबाने त्याला तसाच सोडून पळणाऱ्याला पकडणं बरोबर. हँकच्या लेखी ते बरोबर नाही. असे छोटे-छोटे बाण साठून शेवटी हँक तुमच्या बाजूने उभा राहतो की समोर पिस्तूल घेऊन, हे ठरतं. शेवटचा एखादा अध्याय पुन्हा खेळून हे नातं दुरुस्त होत नाही.

लोकमताचंही तसंच, आणि त्यात एक सुंदर गुंतागुंत आहे: पुढे अँड्रॉइडांच्या बंडाचा नेता झालेल्या मार्कसने शहरात जे केलं, त्याचा भार काराच्या कॅनडाच्या सीमेवरच्या प्रसंगात पडतो. मार्कसच्या लोकांनी गाड्या पेटवल्या की शांत बसून राहिले, ते पाहून जनता अँड्रॉइडांकडे कशी बघते ते ठरतं, आणि सीमेवर तपासणी करणारा माणूस त्याच जनतेतला असतो. काराचा शेवट बदलायचा म्हणून काराचेच अध्याय उगाळत बसणाऱ्यांना हे लक्षात येत नाही.

दुसरा डाव: स्वभाव ठरवा

कागदावर तीन ओळी लिहा, प्रत्येक पात्रासाठी एक. पहिल्या डावात काय होतात, त्याच्या उलट जा. बहुतेक जण पहिल्यांदा सज्जन खेळतात: कॉनर हँकशी मैत्री करतो, मार्कस अहिंसक राहतो, कारा सगळ्यांची माफी मागत फिरते. मग दुसऱ्यांदा असं लिहा:

कॉनर: काम आधी, बाकी नंतर. हँक काय म्हणेल याचा विचार नाही.

मार्कस: हक्क मागून मिळत नाहीत, घ्यावे लागतात.

कारा: ॲलिस सुखरूप राहिली पाहिजे, बाकीच्यांचं त्यांनी बघावं.

वाक्यं तुमची असू द्या, पण प्रत्येक निर्णयाला हीच कसोटी लावा. ‘हे केलं तर काय उघडेल?’ हा प्रश्न मनातून काढा. मग असं होतं, की ‘ईडन क्लब’ या अध्यायात पळणाऱ्या दोघी अँड्रॉइडांवर पिस्तूल रोखलं असताना तुम्हाला मनातून गोळी झाडायची नसते, पण तुमचा हा कॉनर झाडेल हे ठाऊक असतं. त्या क्षणी पर्याय जड होतो. चौकोन उघडायला आलेल्याला तो हलकाच वाटतो.

तिन्ही पात्रं एकाच डावात पालटावीत का? मी कॉनर आणि मार्कस एकत्र पालटतो, कारण त्यांच्या वाटा शेवटी एकमेकांना भिडतात. आज्ञाधारक राहिलेल्या कॉनरचा शेवटचा अध्याय आणि बंड केलेल्या कॉनरचा, हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत. कॉनर पुढे कुठे झुकू शकतो, याचा पाया सॉफ्टवेअर इन्स्टॅबिलिटीच्या त्या बाणांनी रचलेला असतो, म्हणून तो स्वभाव अगदी सुरुवातीपासून धरावा. काराला मात्र पहिल्यासारखीच ठेवून बघा. तिने काहीच बदललं नाही आणि तरी तिचा शेवट पालटला, तर मार्कसचं लोकमत किती खोल शिरतं ते लख्ख कळतं.

सुरुवात कुठून करायची? पहिल्या अध्यायापासून करायलाच हवी असं नाही. संवाद आणि दृश्यं पुढे ढकलायची सोय या गेममध्ये नाही, आणि दुसऱ्यांदा खेळताना ही त्याची सगळ्यांत त्रासदायक गोष्ट आहे. मार्कसचं दुकानातून रंग आणणं, काराची घरकामं, कार्लबरोबरची न्याहारी हे पहिल्यांदा छान वाटतं, दुसऱ्यांदा हातपाय जड होतात. ‘पार्टनर्स’ या सहाव्या अध्यायापासून सेव्ह करत सुरू करा. तिथून हँक आहे, पाठोपाठ ‘स्टॉर्मी नाइट’ आणि ‘ब्रोकन’ येतात, म्हणजे तिघांचेही खरे फाटे हाती लागतात. अपवाद पिस्तुलाचा: ते शोधलं नसेल तर चौथ्या अध्यायापासून.

फक्त मार्कसचा शेवट वेगळा हवा असेल आणि वेळ कमी असेल, तर ‘द स्ट्रॅटफर्ड टॉवर’पासून सुरू करा. लोकमताचा मोठा भाग तिथल्या भाषणापासून पुढे घडतो. त्या भाषणात कुठला सूर लावता, रखवालदारांवर गोळी चालते का, जखमी साथीदाराचं काय करता, हे सगळं मोजलं जातं. त्यापुढे ‘कॅपिटल पार्क’ आणि ‘फ्रीडम मार्च’. हा तुकडा एका सुट्टीच्या दिवसात होतो.

खेळताना बाणांची नोंद ठेवा. अध्याय, काय केलं, कुठला बाण वर, कुठला खाली. एक्सेल नको, वहीतलं अर्धं पान पुरतं. दोन डावांची पानं शेजारी ठेवली की गेम लिहिणाऱ्यांनी कुठे खरा फाटा ठेवला आणि कुठे नुसती रंगरंगोटी केली, हे दिसू लागतं. रंगरंगोटीही भरपूर आहे, हे मान्य करायला हवं. बरेच संवाद कसेही बोललात तरी त्याच ओळीवर येऊन टेकतात.

तिसरा डाव आणि उरलेली कुलुपं

तिसरा डाव हौसेचा. इथे मी एकच सुचवेन: कॉनर जिथे जिथे मरू शकतो तिथे मरू द्या. त्यासाठी गेममध्ये वेगळी ट्रॉफी, म्हणजे कामगिरीचं बक्षीस-चिन्ह, आहे, पण ट्रॉफीपेक्षा हँकसाठी करा. दर नव्या कॉनरसोबत त्या माणसाचं वागणं बदलत जातं, आणि क्लॅन्सी ब्राउन यांनी तो थकवा आवाजात कमालीचा आणलाय. याच्या उलट, सगळी मुख्य पात्रं वाचवण्याचीही ट्रॉफी आहे. ती पहिल्या दोन डावांतल्या नोंदींवरून सहज आखता येते.

नवी वाट उघडली की गुण मिळतात आणि त्यांवर मेन्यूतली रेखाटनं, पात्रांची मॉडेलं, संगीत घेता येतं. संगीत आधी घ्या. तीन पात्रांना तीन वेगळे संगीतकार आहेत: काराला फिलिप शेपर्ड, कॉनरला निमा फखरारा, मार्कसला जॉन पेसानो. सुटं ऐकलं की तिघांचे सूर किती वेगळे ठेवलेत ते लक्षात येतं. खेळताना बटणांच्या गडबडीत ते निसटतं.

मेन्यूवर दिसणाऱ्या क्लोई या अँड्रॉइडला विसरू नका. ती तुमच्याशी बोलते, प्रश्न विचारते, तुमच्या खेळण्यावर शेरेही मारते. पुढे कधीतरी ती एक विनंती करते. हो म्हणालात तर ती निघून जाते. तिचं बोलणं ऐकत राहायचं असेल तर उत्तराची घाई करू नका.

बाकी राहिलेली कुलुपं सोडून द्या. अमक्या खोलीतलं मासिक वाचलं, तमका दरवाजा उघडला, अशा चौकोनांसाठी अर्धा तास न ढकलता येणारं दृश्य पुन्हा बघणं शुद्ध वेठबिगारी आहे. फारच खुपत असेल तर तेवढा प्रसंग यूट्यूबवर पाहा. मोठे शेवट मात्र आधी खेळा, मगच दुसऱ्याचे बघा.

हीच पद्धत दुसऱ्या गेमना लावताना

‘अंटिल डॉन’ (२०१५) मध्ये आठ तरुण-तरुणी आहेत आणि कोणीही मरू शकतं. तिथे ‘डेट्रॉइट’सारखा उघडा फ्लोचार्ट नाही, म्हणून नोंदवही जास्त लागते. ‘लाइफ इज स्ट्रेंज’ (२०१५) मध्ये वेळ मागे नेणं हीच नायिकेची शक्ती आहे, त्यामुळे निर्णय फिरवून पाहणं हा तिथे खेळाचाच भाग आहे आणि वर सांगितलेला मागे न फिरण्याचा नियम गैरलागू.

‘अंडरटेल’ (२०१५) मात्र जपून. टोबी फॉक्स यांचा हा गेम तुम्ही आधी काय केलं ते लक्षात ठेवतो. सगळ्यांना मारत जाणारी वाट शेवटपर्यंत गेलात, की नंतर नव्याने सुरू करून कितीही प्रेमाने खेळा, सुखाचा शेवट पहिल्यासारखा निर्मळ मिळत नाही. म्हणून तिथे क्रम पक्का: आधी साधा डाव, मग कोणालाही न मारता, आणि ती रक्ताची वाट अगदी शेवटी. ती वाट धरण्यापूर्वी पीसीवर सेव्हच्या फोल्डरची एक प्रत काढून वेगळीकडे ठेवा.